फुगडीत सुटलेला हात

गिरिजा मंडळाचा मंगळागौरीचा कार्यक्रम फुगडीने संपतो आणि त्या फुगडीतली एक बाजू शुभा मुळ्येची असते, हे मुलुंड पूर्वेच्या बायकांना वर्षानुवर्षं माहीत होतं. झिम्मा, पिंगा, लाट्या, सूप नाचवणं हे सगळं आधी व्हायचं. शेवटच्या खेळाचं नाव पुकारलं की मागच्या रांगांतल्या बायका खुर्च्या सोडून पुढे यायच्या.

शुभा सत्तेचाळीस वर्षांची. एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क. दाखले, हजेऱ्या, पालकांची कटकट. नवरा देवदत्त ड्राफ्ट्समन. स्वभावाने चांगला, पण कौतुक करण्याची त्याच्या घरात पद्धत नव्हती. शाळेत मुलं तिला 'ऑफिसच्या बाई' म्हणत, नावाने ओळखत नसत. फुगडीसाठी मात्र अनोळखी बायका तिला मिठागर रोडवर थांबवून विचारत, "त्या तुम्हीच ना?" आयुष्यात असं विचारलं जाण्याजोगं तिच्याकडे एवढंच होतं.

तिची जोडीदार शर्मिष्ठा पाटणकर. निवृत्त शिक्षिका आणि मंडळाची प्रमुख. शर्मिष्ठाचे गुडघे गेले तेव्हा जोडीला दुसरं कोण, हा प्रश्न आला आणि उत्तरही शर्मिष्ठानेच शोधून आणलं. भांडुपला कोकणनगरात ती ओळखीच्यांच्या गणपतीला गेली होती. आरतीनंतर तिथल्या बायकांनी फुगड्या धरल्या. एकेक जण दमून भिंतीला टेकत गेली, एकच मुलगी पुढचीचा हात मागत राहिली. ती अक्षता घाडी. वय चौतीस, मॉलमध्ये कपड्यांच्या दुकानात नोकरी, नवरा नितेश टॅक्सी चालवतो, माहेर-सासर दोन्ही मालवणकडचं.

पहिल्याच तालमीत शुभाने तिला विचारलं, "कुठे शिकलीस गं?"

"शिकायचं काय त्यात ताई? आमच्या गावाक गणपतीत ह्याच चालता."

मग तिने शुभाचे हात धरले आणि फिरवलं. फुगडीत दोघी चवड्यांना चवडे भिडवून अंग मागे झोकून देतात, सगळं वजन एकमेकींच्या बोटांवर येतं आणि वेग कोणीतरी एक ठरवते. इतकी वर्षं तो शुभा ठरवत होती. त्या संध्याकाळी तिला पहिल्यांदा कळलं की आपण फिरवत नाही, फिरवले जातोय.

"झकास!" शर्मिष्ठा ओरडली. कोणाला उद्देशून, ते सगळ्यांना कळलं.

त्या वर्षीच्या श्रावणात एका कार्यक्रमाचा व्हिडिओ मोबाइलवरून मोबाइलवर फिरला. शुभाच्या शाळेतल्या शिक्षिकांनीही तो पाहिला. खाली लोकांनी लिहिलं होतं, 'हिरव्या नऊवारीतली कोण आहे?' हिरव्या नऊवारीत अक्षता होती. शुभा जांभळ्या नऊवारीत होती आणि बहुतेक वेळ तिची पाठच दिसत होती.

"तुझा चेहरा नाही आला नीट," देवदत्त म्हणाला. त्याला फक्त माहिती द्यायची होती.

"शिवलेली नऊवारी आहे तिची," शुभा म्हणाली. "नेसत नाही ती, घालते. फ्रॉक घालावा तशी."

इथून पुढे शुभा अक्षतावर नजर ठेवू लागली. अक्षता उशिरा आली की शर्मिष्ठा काही बोलत नाही. अक्षता गाण्याचे शब्द चुकते आणि सगळ्या हसतात. शुभा चुकली असती तर नुसती शांतता झाली असती. श्वेता नावाची कॉलेजातली मुलगी शुभाकडे शिकायला म्हणून मंडळात आली होती, ती आता अक्षताच्या मागेमागे फिरे. शुभा हे घरी बोलत नसे. बोलली असती तर त्याला हेवा म्हणावं लागलं असतं, आणि आपण त्यातल्या नाही अशी तिची समजूत होती.

हातांची कुरबुर सुरू झाली ती त्याच हिवाळ्यात. सकाळी दुधाची पिशवी फाडता येईना. डब्याचं झाकण फिरेना, दात घासताना ब्रश हातातून निसटे. बोटं आखडलेली, मुठी वळत नाहीत. वळल्या तर उघडत नाहीत. शाळेत पोचून कामाला लागलं की हळूहळू सैल पडत. दुपारपर्यंत बरीच मोकळी होत आणि संध्याकाळी तालमीला ती जवळपास नेहमीसारखी असे.

"सकाळी कणीक मळवत नाही आणि संध्याकाळी फुगडी घालवते," देवदत्त म्हणाला. "कमाल आहे."

"टोमणा मारतोयस?"

"नाही गं. दिसतंय ते सांगतोय."

त्याचं म्हणणं तिला पटलंही. खरं दुखणं असतं तर फुगडीने वाढलं असतं. हालचाल केल्यावर जे कमी होतं, ते दुखणं कसलं? आळस असेल, नाहीतर मनाचे खेळ.

इतरही गोष्टी होत्या. पलंगावरून उतरल्यावर पहिली काही पावलं खड्यांवर टाकल्यासारखी दुखत. तिने ती फरशीवर अनवाणी फिरण्याच्या खात्यात टाकली. शाळेत दुपारी टेबलावर डोकं टेकावंसं वाटे; ते पाळी जायच्या वयाचं. संध्याकाळी कधी अंगात कसर असे, ती हवेची. लग्नातली अंगठी पेराच्या वर सरकेना, ते वजन. वजन खरं म्हणजे उतरलं होतं, पण ते तिने चांगल्या बातम्यांत धरलं. प्रत्येक लक्षणाला वेगळं कारण तयार होतं आणि प्रत्येक कारण पटण्यासारखं होतं. ही सगळी लक्षणं एकाच गोष्टीची असू शकतील, असं तिला वाटलं नाही आणि दुसऱ्या कोणापुढे ती सगळी एकदम आलीच नाहीत.

फॅमिली डॉक्टर श्यामकांत साठ्यांकडे ती गेली होती. त्यांना तिने थकवा सांगितला, झोप सांगितली, पाय सांगितले. बोटं सांगितली नाहीत. साठ्यांची बायको मंडळात पेटी वाजवायची. दवाखान्यातलं सगळंच घरी जातं असं नाही, पण शुभाला खात्री नव्हती. बोटांची बातमी शर्मिष्ठापर्यंत पोचली असती तर शेवटच्या फुगडीत अक्षतासमोर श्वेता उभी राहिली असती. साठ्यांनी कॅल्शियम दिलं, ड जीवनसत्त्व दिलं आणि रोज चालायला सांगितलं. त्यांना जे सांगितलं गेलं, त्यावर ते उत्तर बरोबर होतं.

शुभाच्या मनात आणखी एक निदान होतं, ते तिने कोणालाच सांगितलं नाही. मार्चमध्ये अक्षता शिमग्याला गावी गेली, त्या आठवड्यात हात बरे होते. ती परत आली आणि पुन्हा दुखू लागले. हा आजार असाच चढतो-उतरतो, हे तिला पुढे कळलं. तेव्हा तिने सरळ हिशेब मांडला: लोकांच्या पोटात दुखतं, आपल्या बोटांत दुखतंय. हेव्यावर औषध मागायला कोण जातं? ती गप्प बसली.

श्रावणाच्या तोंडावर मंडळातल्या सगळ्याजणी बाजारात एकत्र जाऊन हिरव्या बांगड्या भरतात. त्या दुकानातला कासार जुना. बांगडी चढवायची तर तो आधी चारही बोटं आणि अंगठा एका मुठीत आवळून हात अरुंद करतो. त्याने शुभाचा हात आवळला आणि ती किंचाळली.

"काय वहिनी, अजून तर चढवलीच नाही."

"हळू ना जरा."

"मागच्या वर्षी सव्वादोनची सरकन गेली होती. हात भरलाय तुमचा." त्याने अडीचची जोडी काढली. "मानवतंय, चांगलं आहे."

बायका हसल्या. शेजारी बसलेल्या अक्षताने आपला हात पुढे केला; तिच्या हातात सव्वादोनच्या बांगड्या कोपरापर्यंत खाली-वर होत होत्या. "माका ह्या पण सैल होतत. ताई, थोडी चरबी माका द्या."

मंडळासाठी जास्तीच्या घेतलेल्या बांगड्यांचं पार्सल शुभाने दुसऱ्या हाताने उचललं. दुसरा हातही तसाच दुखत होता. दोन्ही हात सारखेच, त्याच जागी, हे तिच्या लक्षात आलं होतं. पण त्यात विशेष काय, असंच तिला वाटलं. दोन्ही हात शेवटी आपलेच.

तालमीत तिने पकड बदलली. बोटांत बोटं अडकवण्याऐवजी ती अक्षताचं मनगट धरू लागली.

"ताई, मनगट कशाला? बोटं धरा ना. असं धरलं की झोक येत नाही."

"मी फुगडी घालत होते तेव्हा तू शाळेत होतीस."

"म्हणून तर सांगतंय. आता तुमका सांगणारा कोण उरलाय?"

बाकीच्या तोंड दाबून हसल्या. शुभाने बोटं धरली. फेऱ्या वाढल्या, गाणं संपलं, तरी दोघी थांबेनात. फुगडीत आधी 'बास' म्हणेल ती हरली, असा बायकांचा नियम आहे. स्टेजवर तो लागू नाही, असं शर्मिष्ठा नव्या मुलींना बजावत असे. त्या संध्याकाळी शेवटी शर्मिष्ठालाच मध्ये पडून टाळी वाजवावी लागली. घरी आल्यावर शुभाने हात गार पाण्यात बुडवून ठेवले आणि देवदत्तला सांगितलं की बटाटे चिरताना चटका लागला. बटाटे चिरताना चटका कसा लागतो, हे त्याने विचारलं नाही.

घाटकोपर पूर्वेच्या एका सोसायटीत नव्या सुनांची मंगळागौर होती. हॉल भरलेला. आत नऊवाऱ्या नेसणं चाललेलं असताना श्वेता म्हणाली, "आज अक्षताताई पेटणार आहे. आज तिला कोण थांबवणार?"

आरशासमोर अंबाड्यात आकडे खोचत शुभा म्हणाली, "त्यात काय? हात सोडला की थांबते."

सगळ्या हसल्या. अक्षता सगळ्यात मोठ्याने.

कार्यक्रम चांगला झाला. शेवटच्या फुगडीला बायकांनी कडं केलं. कडेच्या स्टीलच्या खुर्च्या कोणी मागे ओढायच्या राहिल्या होत्या. गाण्याची लय वाढली, अक्षताने झोक दिला, पदर कमरेला खोचलेले असूनही वाऱ्याने फडफडू लागले. आणि शुभाच्या उजव्या हाताची बोटं उघडली. एका डाव्या हाताने ते वजन पेलणार नव्हतं. अक्षता पाठमोरी भिरकावली गेली, खुर्चीच्या कडेवर आदळली आणि हात अंगाखाली घेऊन पडली. शुभा बसकण मारून पडली. तिला कोपराला खरचटलं.

कडं मोडून बायका धावल्या त्या सगळ्या अक्षताकडे. शुभा फरशीवर बसून होती. त्या क्षणीही तिच्या मनात आलेली पहिली गोष्ट अशी होती की माझ्याकडे कोणी आलं नाही. दुसरी गोष्ट होती अक्षताचा हात, जो मनगटापाशी वेगळ्याच कोनात होता.

याही वेळी कोणीतरी व्हिडिओ घेतला होता. या वेळी शुभाचा चेहरा स्वच्छ आला होता. दात आवळलेले, डोळे अक्षतावर रोखलेले आणि मग उघडणारी बोटं. मंडळाच्या ग्रुपवर तो आला, थोड्या वेळाने पुसला गेला. पण तोवर सगळ्यांनी पाहिला होता आणि आरशासमोरचं वाक्य सगळ्यांच्या कानांत होतं.

शर्मिष्ठाने फोन केला. "काही दिवस येऊ नकोस, शुभा."

"मी सोडला नाही गं."

"मी तसं म्हटलंय का?"

"मग येऊ नकोस का म्हणतेस?"

"बायका म्हणतायत. मला मंडळ चालवायचंय." मग थोडं थांबून, "तू ते बोलायला नको होतंस."

देवदत्तने दोन दिवस काही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी चहा पिताना विचारलं, "सोडलास?" तिने कप खाली ठेवला. ज्याने पंचवीस वर्षं तिला ओळखलं, त्यालाही विचारावं लागलं, म्हणजे बाकीच्यांचं ठरलेलंच होतं. आता तिच्याकडे फुगडी नव्हती आणि नावही नव्हतं. मिठागर रोडवर पुन्हा कोणी थांबवलं, तर 'त्या तुम्हीच ना' याचा अर्थ वेगळा असणार होता.

अक्षताच्या मनगटाचं हाड मोडलं होतं. गणपती आले, गेले. भांडुपला बायकांनी फुगड्या घातल्या आणि अक्षता प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन बघत बसली. शुभाने तिला दोनदा फोन केला. दोन्ही वेळा अक्षताच्या सासूने, नलिनीने, उचलला. "चेडू निजलाहा," पोर झोपलीय, एवढं बोलून ठेवला. मग एका दुपारी अक्षताचाच फोन आला.

"उद्या प्लास्टर काढायचंय. नितेशला भाडं आहे, सासूबाईंना जिने जमत नाहीत. तुम्ही चला."

"मी?"

"तुमीच मोडलास, तुमीच काढून आणा."

शुभाने अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

हाडांचे डॉक्टर अनिरुद्ध बर्वे. प्लास्टर कापून त्यांनी अक्षताचं मनगट हळूहळू वळवून पाहिलं. "जुळलंय छान. पडलात कशा?"

"मी नाय पडले. ह्यांनी पाडली." अक्षताने हनुवटीने शुभाकडे खूण केली.

"मारामारी?"

"फुगडी."

डॉक्टर हसले. "फुगडीत मनगटावर किती ताण येतो, ते मला बघू द्या. पुन्हा कधी घालायची, ते त्यावर सांगतो. पकड कशी असते? धरा माझा हात." अक्षताचा हात आत्ताच मोकळा झाला होता, म्हणून त्यांनी शुभासमोर हात धरला. त्यांनी तिचा पंजा कडेने पकडून दाबला, जसा कासाराने दाबला होता, आणि ती तशीच ओरडली.

डॉक्टरांनी हात सोडला नाही. उताणा केला, पालथा केला. बोटांच्या मुळाशी असलेला एकेक सांधा दोन बोटांत धरून दाबला, मग मधले सांधे, मग दुसऱ्या हाताचे. नखाजवळचे सांधे दाबले तेव्हा तिला काही झालं नाही.

"सकाळी आखडतात?"

"हो."

"मोकळे व्हायला किती वेळ लागतो?"

"शाळेत पोचेपर्यंत. कधी त्याहून जास्त."

"काम केल्यावर वाढतं की कमी होतं?"

शुभा घुटमळली. या प्रश्नाचं उत्तर तिच्या विरुद्ध जाणारं होतं, असं ती वर्षभर मानत आली होती. "कमी होतं," ती म्हणाली.

"बरोबर," डॉक्टर म्हणाले. "झिजलेला सांधा काम केलं की दुखतो आणि बसलं की बरा वाटतो. आतून सूज असलेल्या सांध्याचं उलटं. रात्रभर पडून राहिला की आखडतो, हलवला की सैल होतो. घरात कोणाला?"

शुभाला मावशी आठवली. चाळिशीतच बोटं वाकडी झालेली. घरात सगळे म्हणत, लवकर म्हातारी झाली.

"तळपाय? थकवा? बारीक ताप?" ते एकेक विचारत गेले आणि ती मान हलवत गेली. पहिल्यांदाच सगळं एका माणसासमोर एकदम आलं होतं. "हे माझं काम नाही," ते शेवटी म्हणाले. "संधिवातातल्या डॉक्टरांकडे जा. सवडीने नको, याच आठवड्यात."

बाहेर बाकड्यावर अक्षता आपल्या बारीक झालेल्या मनगटाकडे बघत बसली. "म्हणजे खराच दुखत होता?"

"हो."

"मग बोलायचं ना!"

"कोणाला? तुला?"

रिक्षात दोघी दोन बाजूंना बसल्या.

रक्ताच्या तपासण्या झाल्या, एक्स-रे झाले. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आमवात. शरीराची रोगाशी लढणारी यंत्रणा स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते आणि तिथे सूज धरते. बायकांमध्ये हा आजार पुरुषांपेक्षा बराच जास्त आढळतो आणि सुरुवात बहुतेकदा हातापायांच्या लहान सांध्यांपासून होते, दोन्ही बाजूंना सारखी. संधिवाताच्या डॉक्टर बाईंनी पडद्यावर उजव्या हाताचं एक हाड दाखवलं. त्याची कड कुरतडल्यासारखी दिसत होती. हे भरून येणार नाही, त्या म्हणाल्या. पुढचं मात्र बहुतेक थांबवता येईल. आधी आला असतात तर एवढंही झालं नसतं. पकड अचानक सुटते का, असं देवदत्तने विचारलं. सुटते, त्या म्हणाल्या, दुखरा सांधा ताणला गेला की बोटं आपोआप उघडतात. देवदत्तने बायकोकडे पाहिलं नाही. घरी आल्यावर त्याने न सांगता सगळ्या डब्यांची झाकणं सैल करून ठेवली.

बातमी मंडळात पोचायला वेळ लागला नाही. ती पोचू नये म्हणून शुभाने वर्ष घालवलं होतं. आता ती पोचली आणि सगळं फिरलं. शर्मिष्ठा शहाळी घेऊन आली आणि दारातच रडली. "काय काय बोललो गं आम्ही तुला." साठ्यांच्या बायकोने नाचणीची बिस्किटं पाठवली. स्वतः डॉक्टर साठ्यांनी फोन करून विचारलं, "बोटांचं कधी बोलली नाहीस?" आणि उत्तराची वाट पाहिली. "लाज वाटली," शुभाने सांगितलं. श्वेता आली, शाळेतल्या शिक्षिका आल्या. शुभा सगळ्यांना बसवून घेई, गोळ्यांची नावं सांगे, एक्स-रे दाखवी. अक्षताकडे यातल्या कितीजणी गेल्या होत्या, हेही ती बोलता बोलता काढून घेई. फार थोड्या गेल्या होत्या. भांडुप लांब पडतं, असं सगळ्या म्हणाल्या. ते ऐकून शुभाला बरं वाटलं.

दिवाळीच्या सुमाराला अक्षता आली. टीपॉयवर शहाळी, फळं, बिस्किटांचे डबे. ती बघत राहिली.

"वा! हात माझा मोडला आणि शहाळी तुमच्याकडे."

"बस की. घे, पी एक."

"नको. माझ्याकडे लोक आले ते व्हिडिओ बघायला. दुखतंय काय, कोणी विचारलं नाय." ती बसली. चकली तोडताना तिने उजवा हात जपून वापरला. "आता तर मीच वाईट. आजारी बाईला फिरवली म्हणतात. श्वेता म्हणते, तुला कसं कळलं नाही गं?"

"मी तसं म्हटलेलं नाही."

"नाकारलेलंही नाय." चकली खाऊन झाल्यावर ती म्हणाली, "एक विचारू? देवळात सांगतात तसं सांगायचं. सुटला की सोडलात?"

"डॉक्टर म्हणाल्या ना, बोटं आपोआप..."

"डॉक्टर घाटकोपरला नव्हत्या."

आतल्या खोलीत देवदत्त होता. शुभाने उठून दार लोटलं.

"सुटला," ती म्हणाली. "पण सुटणार, हे मला आधी कळलं होतं. दोनेक फेऱ्या आधी."

"मग बास म्हणायचं."

"तुझ्यासमोर?"

अक्षताने तिच्याकडे नीट पाहिलं. रागाने नव्हे; माप घ्यावं तसं. मग खिडकीकडे बघत म्हणाली, "माका पण कळलेलं. तुमची बोटं सैल पडत होती. त्या दिवशीच नाय, आधीपासून. मी थांबवू शकले असते."

"मग का नाही थांबवलंस?"

"तुमच्या तोंडून एकदा बास ऐकायचं होतं."

खाली कोणाच्या तरी मुलांनी फटाक्यांची माळ लावली.

"मंडळात सांगशील?" शुभाने विचारलं.

"काय सांगू? तुमचं सांगितलं तर माझं पण निघणार." अक्षता उठली. जाताना तिने टीपॉयवरचं एक शहाळं उचललं. "ह्या माझा."

औषधं लागू पडायला काही महिने गेले. आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी, रोजच्या दोन, दर काही आठवड्यांनी रक्त तपासणं. उन्हाळ्यापर्यंत सकाळचं आखडणं खूप कमी झालं. दुधाची पिशवी फाडता येऊ लागली. अंगठी मात्र शुभाने परत घातली नाही. डॉक्टर बाईंनी चालायला, हात हलवते ठेवायला सांगितलं. बोटांवर वजन तोलायला मनाई केली.

श्रावणाच्या तालमी सुरू झाल्या तेव्हा शर्मिष्ठाने तिला मानाने बोलावलं. शुभा आता गाण्याच्या बाजूला बसते, पहिली ओळ ती उचलते. मंडळातल्या बायका तिच्याशी जरा हळू आवाजात बोलतात. शेवटच्या फुगडीला अक्षता आणि श्वेता. श्वेताला पकड शुभानेच शिकवली.

एका तालमीत सगळ्या चहाला गेल्या तेव्हा हॉलमध्ये दोघीच राहिल्या. शुभा उठून मधोमध गेली.

"एक घालूया. हळू. मनगटं धरून."

अक्षता पाण्याची बाटली बंद करत होती. "नाय, ताई."

"आता दुखत नाहीत फारसे."

"ता माका माहीत आसा. दुखण्याचा प्रश्न नाय. तुमच्याशी मी हळू घालू शकत नाय आणि तुम्ही माझ्याशी."

शुभाने हात खाली घेतले. ते खरं होतं, त्यावर वाद घालण्यासारखं काही नव्हतं. बाकीच्या परत आल्या, ती आपल्या जागी जाऊन बसली आणि तिने गाणं उचललं. अक्षता आणि श्वेता फिरू लागल्या. श्वेताचे पाय चांगले होते, झोकही होता. बायकांनी टाळ्या धरल्या. शुभाचा आवाज गाण्यावर होता आणि डोळे आपल्या जागी फिरणाऱ्या श्वेताच्या बोटांवर.

"कशी झाली?" फुगडी थांबल्यावर शर्मिष्ठाने तिला विचारलं.

"बरी," शुभा म्हणाली. "मी असते तर अजून फिरवली असती."

"फिरवली असतीत," अक्षता घाम पुसत म्हणाली, "आणि पाडली असतीत."

श्वेता घाबरून दोघींकडे बघू लागली. शुभाने पेटीवाल्या साठे वहिनींना सूर द्यायला सांगितलं आणि तीच ओळ पुन्हा उचलली, या वेळी जरा जलद.